खालच्या मजल्यावरून

वरच्या मजल्यावरचा इग्नात सावेल्येविच
डिसेंबरात जाहिरातीचा कागद घेऊन दाराशी उभा राहिला.
"आग्निया ल्वोव्ना, तुम्ही तीस वर्षं
मासळीच्या कारखान्याचे हिशेब पाहिलेत.
हे यंत्र घेण्याजोगं आहे का, एवढंच सांगा."

मुर्मान्स्कमध्ये तेव्हा सूर्य उगवायचा थांबला होता.
पायवाटांवर काचेसारखा बर्फ,
आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं : रोज चार किलोमीटर चाला.
कुठे, ते चिठ्ठीवर नव्हतं.

मी चष्मा लावला.
किंमत एकोणीस हजार नऊशे नव्वद रुबल.
(वाचवलेल्या त्या दहा रुबलांची
मलाच लाज वाटते नेहमी.)
पट्टा अडतीस सेंटिमीटर रुंद.
"खांदे मोजलेत?"
"चालायचं पायांनी आहे."
वजनाची मर्यादा शंभर किलो.
"तुमचं?"
"शहाण्णव."
"नाश्त्याआधी की नंतर?"
तो गप्प.
मोटारीची ताकद दोन ठिकाणी दोन निराळी छापलेली.
हमी एक वर्षाची, पट्टा वगळून.
म्हणजे बूट विकायचे
आणि तळव्याचं आपण बोलायचं नाही.

मग भागाकार.
आठवड्याला पाच दिवस, दोन वर्षं :
एका खेपेला साडेअडतीस रुबल.
मार्चात कंटाळलात तर
तीनशे तेहतीस.
"घेऊ नका," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी खोकं आलं.
सल्ला विचारायला येणारा माणूस
बहुधा पैसे आधीच भरून आलेला असतो.

साडेसहा वाजता माझ्या दिव्याची काच किणकिणू लागली.
आमचं घर लाकडी, दुमजली. त्याची जमीन तेच माझं छत.
मी छतावर झाडू आपटला नाही. वही काढली.
सोमवार, बावीस मिनिटं.
मंगळवार, चोवीस.
डावं पाऊल जड पडतं,
ट्रॉलरवर असताना त्यावर साखळी पडली होती.
डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी वेग वाढतो,
परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा जळावा तसा.

जानेवारीच्या नऊ तारखेला अकराव्या मिनिटाला आवाज थांबला.
मी बारा मोजलं, तेरा मोजलं.
मग शाल घेऊन जिना चढले.

तो फरशीवर बसला होता, हातात पाना.
पट्टा एका बाजूला सरकून कडेने कुरतडलेला,
शेजारी तेलाची बाटली.
"तुमचं बरोबर होतं,"
उसनं भांडं परत करावं तसं तो म्हणाला.

पण मी जमिनीकडे पाहत होते.
यंत्राच्या एका पायाखाली फळी बोटभर दबलेली.
ते तिरकंच उभं होतं पहिल्या दिवसापासून.
अख्खा दोष त्याचा नाही, हे हिशेबात धरावं लागतं.
माझ्या खोलीखाली कुणी राहत नाही,
सिमेंट, आणि त्याखाली खडक.

रविवारी त्याच्या भाच्यांनी ते खाली आणलं.
दाराच्या चौकटीचा रंग खरवडला. बोलले नाहीत, मीही नाही.
नऊ हजार नऊशे पंच्याण्णव रुबल
मी पाकिटात घालून दिले.
पाच रुबल सुटे त्याच्याकडे नव्हते,
मीही सोडले नाहीत. तिसऱ्या दिवशी आणून दिले त्याने.

आता साडेसहाला तो स्वतःच्या सपाता घेऊन येतो,
माझ्या कॅलेंडरकडे तोंड करून चालतो
आणि कॅलेंडरवरच्या जहाजाच्या शिडात काय चुकलंय ते सांगतो. रोज.
मी लापशी ढवळते.
तो गेला की दार लावून मी चढते.
वेग अडीच.
पडदा म्हणतो, दोनशे दहा कॅलरी जळल्या.
इतकं खोटं आमच्या कारखान्यातही
कुणी लिहीत नसे.

सूर्य परत येऊन महिना झाला.
बाहेर चालता येईल, असं दोघांपैकी कुणी काढत नाही.
वहीत आता दोन रकाने,
एक त्याचा, एक माझा,
आणि तिसरा, 'खरेदी योग्य की अयोग्य',
तो पेन्सिलीने आखलेला आहे, भरलेला नाही.

कालपासून पट्टा पुन्हा डावीकडे सरकतोय.
पाना त्याच्याकडे आहे.